महाराजांचं राहू द्या, आधी पावती बघा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पारोळा तालुक्यातले. घरी आई, मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. मी शेती बघतो, जोडीला कृषी केंद्र आहे. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई बासष्टची. तिला वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

वडील गेल्यावर आई खचली होती. शेजारच्या काकू तिला धुळ्याला एका महाराजांच्या सत्संगाला घेऊन गेल्या. सुरुवातीला आम्हालाही बरं वाटलं. ती जेवू लागली, झोपू लागली. आता दर गुरुवारी जाते. दीक्षा घेतली आहे, गळ्यात सेवेकऱ्याचं ओळखपत्र घालते. गेल्या गुरुपौर्णिमेला तिने ५१,००० रुपये दिले. कपाटात पावती सापडली तेव्हा आम्हाला कळलं. (पावतीचा फोटो पाठवतो आहे.) साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या महिनाभरापासून बंद केल्यात, त्याऐवजी अंगारा पाण्यात टाकून घेते. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण सुरतहून माहेरी आली, तर आई तीन दिवसांच्या शिबिराला गेलेली. वडिलांची घागर आम्हीच भरली. बहीण रडत परत गेली.

आता आईला स्वतःच्या सहा तोळ्यांच्या पाटल्या आश्रमाच्या सभागृहासाठी द्यायच्या आहेत. आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीला आश्रमातल्या पाच दिवसांच्या निवासी बालसंस्कार शिबिराला न्यायचं आहे.

मी महाराजांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहिले. महागडी गाडी, व्हीआयपी दर्शनाचा पास वेगळा. आईला दाखवलं तर म्हणते, "तुले काय समजस? महाराज मन्हं ऐकतस." शंका घेणाऱ्याचा नाश होतो असं गीतेतच सांगितलंय, म्हणते. परवा कडाक्याचं भांडण झालं. मी देव्हाऱ्यातला महाराजांचा फोटो उचलून माळ्यावर टाकला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

खरा गुरू आणि भोंदू यांतला फरक तिला कसा पटवून देऊ? महाराजांविरुद्ध व्हिडिओ टाकू, की अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) लोकांना बोलवू?

— एक वाचक

*

भाऊ, आधी तो फोटो माळ्यावरून खाली आणा, पुसा आणि होता तिथे ठेवा. आईच्या डोळ्यांदेखत ठेवा आणि "माझं चुकलं" एवढंच म्हणा. त्यातून महाराज खरे ठरत नाहीत. देव्हारा तिचा आहे, इतकंच तुम्ही मान्य करता. हे केल्याशिवाय तुमचा पुढचा एक शब्दही तिच्या कानात शिरणार नाही. "घरचेच आडवे येतील, तीच तुमची परीक्षा" हे वाक्य अशा बहुतेक मंडपांत कधी ना कधी ऐकवलं जातं. तुम्ही फोटो माळ्यावर टाकलात आणि महाराजांचं भाकीत फुकटात खरं करून दिलंत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. खरा गुरू कोण आणि भोंदू कोण, हे आईला पटवून देणं तुमच्याच्याने होणार नाही. माझ्याच्यानेही होणार नाही. एखाद्याला आत्मज्ञान झालं आहे की नाही, हे बाहेरून तपासायचं कसं? तुम्ही गाडी दाखवाल, ती म्हणेल भक्तांनी प्रेमाने दिली. तुम्ही व्हीआयपी पास दाखवाल, ती म्हणेल त्या पैशातून अन्नदान होतं. तुमच्या प्रत्येक पुराव्याला तिच्याकडे उत्तर तयार आहे, कारण ती उत्तरं तिला दर गुरुवारी मिळतात. शिवाय धरून चाला की महाराजांचं प्रवचन खरंच उत्तम आहे. ज्ञानेश्वरी तोंडपाठ आहे, गळा गोड आहे, चार घरांतली दारू सुटली आहे. अशा माणसाचाही पैशाचा व्यवहार वाईट असू शकतो. आणि ज्याला दोन ओव्या धड म्हणता येत नाहीत, असा एखादा साधा बुवा व्यवहाराला स्वच्छ असतो. तेव्हा खरं-खोटं बाजूला ठेवा. या माणसाचं वागणं कसं आहे ते बघा. ते दिसतं, मोजता येतं आणि त्याबद्दल विचारताही येतं.

तुम्ही पाच-सहा गोष्टी एकाच दमात लिहिल्या आहेत, पण त्या सारख्या तातडीच्या नाहीत. सभागृह थांबू शकतं, पाटल्या थांबू शकतात. गोळ्या थांबू शकत नाहीत.

बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या की रक्तदाब उसळून वर जातो, आणि पक्षाघाताचा पहिला इशारा पक्षाघात हाच असू शकतो. साखर तर दुखतही नाही. ती गुपचूप मूत्रपिंड, डोळे आणि पायाच्या नसा खात राहते. म्हणून "मला अंगाऱ्याने बरं वाटतंय" हे आईचं म्हणणं खोटं नाही. बरं वाटत असेलही! तिला खोटं पाडू नका. म्हणा, "अंगारा घे, मी अडवत नाही. पण तीन महिन्यांची साखर तपासून घेऊ. महाराजांच्या कृपेने कमी झाली असेल तर डॉक्टरच गोळी कमी करतील." ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी पथ्य पाळून ती फसत नाही. बीपी तर गावातल्या आरोग्य केंद्रातही मोजून मिळतं. हे या आठवड्यात करा, आणि तिला डॉक्टरांकडे तुम्ही नेण्यापेक्षा बहिणीने फोनवर गळ घातलेली बरी. तुमचं सध्या ती ऐकणार नाही.

आणि एक गोष्ट नीट शोधून काढा: गोळ्या बंद करा असं महाराज स्वतः बोलले, की एखाद्या सेवेकऱ्याने सांगितलं, की आईनेच ठरवलं? तिन्हींत फार फरक आहे. मंत्र, ताईत, अंगारे यांनी मधुमेह किंवा रक्तदाब बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात हे दोन्ही आजार नावानिशी आहेत. पण भक्ताने आपणहून गोळी सोडली तर कायदा काय करणार? पुष्कळ हुशार महाराज मंचावरून "औषध चालू ठेवा" म्हणतात आणि मग अनुभवकथनाला माईक देतात. एक बाई उठते, "माझी सगळी औषधं सुटली" म्हणते, टाळ्या पडतात, आणि महाराज मंद हसतात. अशा मंडपांत मी बसले आहे. मला नेहमी एकच प्रश्न पडतो, की ज्यांना अंगारा घेऊनही बरं वाटलं नाही, त्यांच्या हातात माईक कधी येतो?

दुसरी तातडीची गोष्ट मुलीची. इथे मी मवाळ बोलणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीला पाच दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवायचं नाही. महाराज कितीही थोर असोत. तिचे पालक तुम्ही आणि तुमची बायको आहात, आजी नाही, आणि या एका बाबतीत आईची नाराजी पत्करा. आसाराम बापूच्या बलात्काराच्या प्रकरणात ती अल्पवयीन मुलगी त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती आणि तिचे आईवडील अनेक वर्षांचे निष्ठावान भक्त होते. तिला भूतबाधा झाली आहे, बापूच ती दूर करतील, असं त्यांना सांगण्यात आलं. २०१३ मध्ये त्या आईवडिलांनी तक्रार केली, २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमवर बलात्काराचा आरोप करणारं निनावी पत्र २००२ चं, आणि शिक्षा झाली २०१७ मध्ये. म्हणजे एका साध्वीने लिहिलेलं खरं ठरायला पंधरा वर्षं गेली, आणि त्या पंधरा वर्षांत लाखो लोक त्याच्या पाया पडत होते, मतं मागायला पुढारी रांगेत उभे होते.

तुमच्या आईचे महाराज तसे आहेत असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि त्या आईवडिलांनाही आधी ठाऊक नव्हतं. म्हणूनच नियम माणूस बघून करायचा नसतो. मूल एकटं नको, बंद दार नको, रात्रीचा मुक्काम नको. हा नियम शाळेला लावा, शिकवणीला लावा, आश्रमालाही लावा. शिबिर दिवसाचं असेल, पालकांना बसू देत असतील तर बायकोला सोबत पाठवा. "पालक चालणार नाहीत" असं उत्तर आलं तर तुमचा अर्धा तपास तिथेच संपला.

आता तुमच्या पावतीकडे येते. तिचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर महाराजांचं रंगीत छायाचित्र, खाली "अर्पण" असा ठसठशीत शब्द, आईचं नाव, गोत्र (गोत्र कशाला लागतं पैशाच्या पावतीला, देव जाणे), रक्कम अक्षरी आणि आकडी, आणि तळाशी बारीक अक्षरांत "अर्पण केलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही". संस्थेचं नाव आहे, पण "नोंदणी क्रमांक" या शब्दांपुढची जागा रिकामी. पॅन नंबर नाही. सही आहे, पण ती कोणाची, कोणत्या पदावरची, हे लिहिलेलं नाही.

तुम्ही कृषी केंद्र चालवता. कापसाचं बियाणं नेणारा शेतकरी पक्कं बिल आणि पाकिटावरचा लॉट नंबर बघून नेतो ना? बिलाशिवाय विकलेलं बियाणं उगवलं नाही तर दाद कुठे मागायची, हे तुम्हीच त्याला सांगत असाल. ५१,००० रुपयांच्या पावतीला तेवढी तरी पारख लावा.

महाराष्ट्रात देणग्या गोळा करणारा धार्मिक किंवा धर्मादाय न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नोंदणी झाली की 'ए', 'ई' अशा अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हे परिशिष्ट एकमध्ये लिहिलेलं असतं, दरवर्षी हिशेब तपासून तो सादर करायचा असतो. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नोंदवहीतली माहिती मागता येते. आणखी एक सोपी युक्ती सांगते. मंडपात क्यूआर कोड लावलेला असेलच. मोबाइलवर स्कॅन करा, पैसे भरू नका, फक्त समोर नाव कोणाचं येतं ते वाचा. न्यासाचं नाव आलं तर एक गोष्ट. महाराजांच्या पुतण्याचं आलं तर दुसरी.

हे सगळं महाराजांना उघडं पाडायला करायचं नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. क्रमांक निघेल, विश्वस्त मंडळ निघेल, हिशेबही निघेल कदाचित. तसं झालं तर तुम्हाला तोंड मिटून घ्यावं लागेल, आणि तुमची तेवढी तयारी हवी. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यावर आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. कोणी पाया पडायला आलं तर पडू देत नसत. ते १९५६ मध्ये गेले, तेव्हा ती पुराणातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. हिशेब मागितला म्हणून रागावणारा महाराज त्या मापाने कसा दिसतो, ते आईला न सांगताही कळेल. जुन्या गाद्या, जुनी संस्थानं सगळी धुतल्या तांदळासारखी आहेत असंही मी म्हणत नाही. गादीच्या वारसावरून भावाभावांचे खटले महाराष्ट्राने पुष्कळ पाहिलेत. पण वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे तुमचे आईवडील पूर्वी जात असतीलच. तिथली दर्शनाची रांग आणि मंडपातली व्हीआयपी रांग यांतला फरक आईने स्वतःच पाहिलेला आहे. तुम्ही तो सांगायला जाऊ नका, फक्त यात्रेची आठवण काढा.

गीतेचं म्हणाल तर आई सांगते ते खरं आहे. "संशयात्मा विनश्यति" हे चौथ्या अध्यायातच आहे, चाळिसावा श्लोक. पण त्याच अध्यायात सहा श्लोक आधी ज्ञान कसं मिळवावं तेही सांगितलं आहे: प्रणिपाताने, परिप्रश्नाने आणि सेवेने. वाकावं, विचारावं आणि सेवा करावी. तुमच्या आईच्या महाराजांनी यातलं पहिलं आणि तिसरं ठेवून मधलं गाळलेलं दिसतं. घरात गीता असेल तर उघडून तो श्लोक आईलाच वाचायला द्या आणि एवढंच विचारा की परिप्रश्नाची वेळ किती वाजता असते.

आपल्या खान्देशात तर याची मोठी परंपरा आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, तुम्ही मुक्ताईनगरला गेला असाल तर पाहिलं असेल. कथा सर्वांना माहीत असते: चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा तांडा. आजच्या भाषेत बोलायचं तर त्याच्याइतके फॉलोअर कोणाला नव्हते. त्याने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, कारण मायना काय लिहावा हेच त्याला कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? ते पत्र बघून चिमुरडी मुक्ताबाई म्हणाली, एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला. आणि पुढे तो तिचाच शिष्य झाला. चमत्काराच्या तोंडावर एका लहान मुलीने खरं बोलून दाखवलं, आणि ज्याला बोललं गेलं त्याने ते ऐकून घेतलं. म्हणूनच चांगदेवाला अजून देऊळ आहे, असं माझं मत. तुमच्या महाराजांना अशी एखादी मुक्ताबाई चालेल का, हे बघायला भर मंडपात उभं राहायची गरज नाही. साधा प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या: "न्यासाचा नोंदणी क्रमांक कोणता?" उत्तर काय येतं यापेक्षा विचारणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते बघा.

पाटल्यांबद्दल तुम्हाला आवडणार नाही असं सांगते. त्या तिच्या आहेत. स्त्रीधन आहे, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिची संपूर्ण मालकी आहे. निवृत्तिवेतनही तिचंच. तुमच्या पत्रात "आम्हाला न विचारता दिले" असा सूर आहे, पण ती विचारायला बांधलेली नाही. मला तर असं वाटतं, चाळीस वर्षं घरचे सगळे व्यवहार तुमच्या वडिलांनी पाहिले असतील आणि त्या ५१,००० रुपयांची सही ही आईने कोणालाही न विचारता केलेली पहिली मोठी सही असेल. ती सही चुकीच्या कागदावर झाली म्हणून तिची मोकळीकच काढून घ्यायची का? तेव्हा अडवू नका, अट घाला. दागिना द्यायचाच असेल तर आधी सराफाकडे वजन करायचं, न्यासाच्या लेटरहेडवर वजन आणि शुद्धता लिहून घ्यायची, दोन विश्वस्तांच्या सह्या घ्यायच्या, आणि सभागृहाच्या बांधकामाचा नकाशा व परवानगी बघायची. शक्यतो हे सगळं तिला स्वतःला मागू द्या. ती तिथली सेवेकरी आहे, तिला मागायचा हक्क तुमच्याहून जास्त.

शेताचं किंवा घराचं मात्र लक्षात ठेवा. वडिलांनंतर वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं असेल. तिच्या हिश्शाचं बक्षीसपत्र नोंदणी कार्यालयात गेल्याशिवाय होत नाही, त्यामुळे तिथे थोडी उसंत मिळते. आणि आपल्या प्रभावाखालच्या माणसाकडून कोणी मालमत्ता लिहून घेतली, तर १८७२ च्या करार कायद्याच्या सोळाव्या कलमातलं गैरवाजवी प्रभावाचं तत्त्व आड येतं. १८९० साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. एका वृद्ध गृहस्थाने परलोकी आपलं भलं व्हावं म्हणून सगळी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती. कोर्टाने ते बक्षीसपत्र रद्द केलं. अशा व्यवहारात प्रभावाचा गैरवापर झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी गुरूवर पडते, चेल्यावर नाही. सव्वाशे वर्षांहून जुना निकाल आहे, म्हणजे हा धंदाही काही आजचा नव्हे. फक्त पूर्वी एका महाराजाला एक गाव पुरायचं, आता मोबाइलमुळे दहा जिल्हे लागतात.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट उरते, आणि तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही वैतागून लिहिलं आहे: "महाराज मन्हं ऐकतस." वडील गेल्यापासून घरात तिचं कोण ऐकतं? तुमच्या पत्रात आई काय खाते, काय घालते, किती देते, कुठे जाते हे सगळं आहे. ती वडिलांबद्दल काय बोलते, याची एक ओळ नाही. मंडपात तिला वाती वळायला मिळतात, प्रसादाची पाकिटं भरायला मिळतात, चार बायका "माई आल्या का?" म्हणून विचारतात, गळ्यात नावाची पट्टी असते. घरी तिला काय मिळतं? "आई, तू बस, तुला काय कळतंय मोबाइलमधलं." महाराज भोंदू असले तरी तिची ती गरज भोंदू नाही. ती गरज त्यांना दिसली, तुम्हाला दिसली नाही, एवढंच.

आखाजीचं मला फार लागलं. लेक माहेरी आलेली असताना आई शिबिरात, ही साधी गोष्ट नाही. बाई आपल्या मनाने तसं करत नाही. "आता गुरूच मायबाप, गुरूच पितर" असं काहीतरी तिला सांगितलं गेलं असणार. घरापासून तोडायला लागलेला गुरू कितीही गोड बोलत असला तरी माझा त्याच्यावर विश्वास नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण तोडलेलं जोडायला भांडण कामाचं नाही. श्रावण जवळ आला आहे. तुमच्या भाऊबंदांत श्रावणातली कानबाई देवी बसत असेल, तर यंदा सगळं आईच्या हाती द्या. रोटांचे गहू तिच्या हाताने, गाणी तिच्या तोंडून, कोणाला बोलवायचं ते तिच्या मनाने. बहिणीला सुरतहून चार दिवस आधी बोलवा. आणि तिने काकूंना आणि सत्संगातल्या दोघीतिघींना बोलवायचं म्हटलं तर तोंड वाकडं करू नका.

गुरुवारी तिला एसटीने जाऊ देऊ नका, तुम्ही गाडीवर न्या. मंडपात मागे बसा, टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा, नसतील तर नका. येताना महाराजांवर चर्चा करू नका. चार-पाच गुरुवार असे गेले की तीच काहीतरी विचारेल, किंवा तिला खटकलेलं काहीतरी बोलेल. अशा ठिकाणी जाणाऱ्या बहुतेकांना काहीतरी खटकलेलं असतंच, पण घरी सांगितलं तर "बघ, मी म्हणत होतो ना" ऐकावं लागेल म्हणून ते गप्प राहतात. ते वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघता कामा नये.

व्हिडिओ टाकू नका. बदनामीचा दावा झाला तर तुम्हाला महागात पडेल, आणि तो व्हिडिओ आई पाहील, तिच्या मैत्रिणी पाहतील, मुलीच्या वर्गातली मुलं पाहतील. अंनिसच्या कार्यकर्त्यांशी खासगीत जरूर बोला, त्यांना अशा घरांचा अनुभव असतो, पण त्यांना घरी आणून आईसमोर उभं करू नका. २० ऑगस्ट २०१३ ला अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याने कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना हात लावलेला नाही, त्यामुळे केवळ सत्संग चालतो म्हणून तक्रार टिकणार नाही. पण तथाकथित चमत्कार दाखवून पैसा उकळणं किंवा लोकांना फसवणं, घाबरवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. मंडपात बसून कोणाला असं करताना पाहिलंत, किंवा औषधं सोडा असं मंचावरून सांगताना ऐकलंत, तर तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच चॅनेलवरचा तो भाग उतरवून घ्या, आणि पोलीस ठाण्यात जाऊन दक्षता अधिकारी कोण ते विचारा. हे काम निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतं. जाताना पावतीची झेरॉक्स सोबत न्या, मूळ प्रत आईच्या कपाटात होती तिथेच ठेवा.